झाडं लावण्याआधी आमचा माळ बघून जा

प्रति,
दर पावसाळ्यात इंदापूर, बारामती, दौंड, पुरंदरच्या माळांवर झाडं लावायला येणाऱ्या शाळा, कॉलेजं, कंपन्या आणि मंडळांतली सर्व मंडळी,
तसंच त्यांना जागा नेमून देणारे वनखात्यातले अधिकारी आणि आमच्या गावोगावचे सरपंच

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दर जुलैत येता. पुण्याहून पहाटे निघालेल्या बसगाड्या दहाच्या सुमारास आमच्या फाट्यावर वळतात. मागून टेम्पोत रोपं येतात. खड्डे आधीच घेऊन ठेवलेले असतात. दोन-तीन तासांत रोपं लागतात, शाळेच्या पटांगणात जेवण होतं आणि दिवस मावळायच्या आत तुम्ही परत निघता. सुट्टीचा दिवस मोडून, पदरचे पैसे घालून तुम्ही हे करता. तुमच्या मनात काही खोट नाही, याची मला खात्री आहे. तरीही हात जोडून सांगते, आमच्या माळावर झाडं लावणं थांबवा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची चौदा वर्षं माळाच्या कडेला असलेल्या शाळेत गेली. झाडं लावणाऱ्यांत मीही होते. राज्य सरकारनं २०१६ साली २ कोटी झाडांचा संकल्प केला, पुढच्या वर्षी ४ कोटींचा, २०१८ ला १३ कोटींचा आणि २०१९ ला ३३ कोटींचा. २०१८ च्या जुलैत आमच्या शाळेच्या वाट्याला चारशे रोपं आली, जवळजवळ सगळी गिरिपुष्पाची, म्हणजे बाहेरून आणलेल्या ग्लिरिसिडियाची. मुलांची फेरी काढून मी त्यांना माळावर नेलं. घोषणा मीच लिहून दिल्या होत्या.

आम्ही रोपं लावत होतो तेव्हा आबा मेंढरं घेऊन तिथून चालले होते. गावातले सगळ्यात जुने मेंढपाळ, सगळे त्यांना आबाच म्हणतात. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "बाई, गवताच्या उरावर कशापायी लावताय? झाड लावायचं तर वढ्याला लावा की. हितं आमच्या मेंढरांनी काय खायाचं?" मी त्यांना ऑक्सिजन समजावून सांगितला. ते मला माळ समजावून सांगत होते आणि माझं लक्ष नव्हतं. हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

चारशेतली निम्मी रोपं पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेली. जी जगली ती चांगली डोक्यावर गेली. चार वर्षांनी पाऊस संपता संपता मी त्यांच्याखाली वाकून पाहिलं. माळाच्या गवतांपैकी पवन्या नाही, मारवेल नाही, कुसळीसुद्धा नाही. टाकळा आणि गाजरगवत तेवढं होतं. त्याच पट्ट्यात, आम्ही रोपं लावली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, चौथीच्या मुलांनी मला माळटिटवीची चार अंडी दाखवली होती. खड्यांत ठेवलेले खडेच जणू, पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत अशी. पोरांनी लांबून दगडांचं रिंगण करून त्यांची राखण केली होती. नंतर पाणी अडवायला जेसीबीनं उताराला आडवा ओढलेला समतल चर नेमका त्याच जागेवरून गेला. चराच्या भरावावर रोपं लावणारा वर्ग माझाच होता.

तुम्हाला आणि मला एकच गोष्ट चुकीची शिकवली गेली आहे. इथं पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसांनी ते तोडलं, मेंढरांनी उरलंसुरलं खाल्लं आणि मागं हा उघडा माळ राहिला, असं मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. खरं तसं नाही. सह्याद्री ढग अडवतो. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटर पूर्वेला आमच्याकडं वर्षाला पाचशेच्या आसपास. खाली काळा कातळ, त्यावर वीत-दीड वीत मुरमाड माती. अशा जागी दाट जंगल मुळात उभंच राहत नाही. इथं उभं राहतं ते गवत, आणि त्यात लांब लांब अंतरावर बोर, हिवर, खैर, पळस, मेडशिंगी, मधे तरवडाची आणि हेकळाची जाळी. माणूस शेती करायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या या भागात गवताळ रानं आहेत. आपल्या भाषेतच याचा पुरावा आहे, हे मला अगदी अलीकडं कळलं. जुन्या मराठी ओव्या, संतचरित्रं, देवस्थानांच्या कथा यांत कुठल्या झाडाझुडपांची नावं येतात ते काही अभ्यासकांनी तपासलं आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होते, काटेरी झाडांचे आणि गवताचे. ज्या देवांच्या जत्रांना आपण जातो त्यांच्या कथांत हे लिहून ठेवलेलं होतं, पण ती नोंद कुणी झाडांच्या नजरेनं वाचली नव्हती.

मग माळ 'पडीक' कसा झाला? इंग्रजांच्या महसुली दप्तरात ज्या जमिनीचा सारा मिळत नव्हता ती जमीन वाया गेलेली धरली जाई. तो शिक्का आपण पुसला नाही. १९८५ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केलं आणि दर साल ५० लाख हेक्टरांवर झाडं लावायचं उद्दिष्ट ठेवलं. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणात देशाची एक तृतीयांश जमीन वनांखाली आणि झाडांखाली असावी असं म्हटलं. ते प्रमाण साऱ्या देशाचं मिळून होतं, पण आमच्यासारख्या अवर्षणी तालुक्यांतही त्याच आकड्याकडं बोट दाखवून लागवडी होतात. अभ्यासकांनी उपग्रहाच्या मदतीनं केलेल्या नकाशात देशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी जमीन अशी उघडी नैसर्गिक रानं म्हणून निघाली. तिच्यातली बरीच जमीन सरकारी नकाशांत पडीक म्हणून रंगवलेली आहे आणि संरक्षण मिळालेली फारच थोडी. आपले शब्द बघा ना: माळ, कुरण, गायरान, चराई. यातल्या एकाही शब्दाचा अर्थ रिकामी जागा असा होत नाही.

या रिकाम्या म्हटलेल्या जागेत कोण राहतं ते सांगते. चिंकारा राहतो, खोकड राहतं, तरस राहतं. जमिनीवरच घरटी करणारे पक्षी तर इतके की मुलांबरोबर मोजताना मीच थकायची: चंडोल, धाविक, पखुर्डी, लावे, तित्तिर, टिटव्या. मे महिन्यात तुम्हाला हा माळ मेलेला वाटतो, पण तेव्हाच सरड्यांचे नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतात. पंखेवाल्या सरड्यांतल्या एका गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नवं नाव दिलं, ते आपल्या मराठीतूनच उचललं आहे: सरडा. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या पक्षी येतात. दिवसभर शेतांवरून आणि माळावरून खाली खाली उडत नाकतोडे टिपतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच झोपतात. झाडावर झोपणारा हा पक्षी नाही. त्याचं झोपायचं गवत आपण गिरिपुष्पाखाली घातलं, तर आसपासच्या ज्वारी-हरभऱ्यावरचे नाकतोडे टिपायला तो थांबेल कशाला?

एक बारकी गोष्ट मला फार उशिरा समजली. माळावर झाडांची रांग उभी राहिली की कावळ्यांना बसायला जागा मिळते. तिथून त्यांना खालची सगळी घरटी दिसतात. उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. आपण लावलेलं झाड त्याच्या डोक्यावर शत्रूचा मनोरा होतं.

लांडग्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याच्याबद्दल गावात आणि शहरात दोन्हीकडं गैरसमज आहेत. भारतात लांडगे सुमारे तीन हजार उरलेत, म्हणजे वाघांहून जास्त नाहीतच. वाघाला प्रकल्प आहेत, राखीव वनं आहेत. लांडगा मात्र बहुतेक आमच्यासारख्यांच्या गावकुसाजवळ, अभयारण्याच्या बाहेर जगतो. तो माळाच्या टेपाडात, ओघळीच्या काठात बीळ करून पिलं वाढवतो. त्याच टेपाडांवर आपण चर मारतो. एका हंगामात बीळ गेलं की लांडगीण पिलं तोंडात धरून उसाकडं सरकते, वस्तीजवळ येते, आणि तिथं गावची भटकी कुत्री असतात. कचऱ्यावर वाढलेल्या या कुत्र्यांच्या टोळ्या चिंकाऱ्यांना पळवून मारतात, लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यातल्या एका लांडग्याच्या जनुकांत कुत्र्याचा अंश असल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं. माळ आक्रसला की हे असं होत जातं. गोळी न झाडता, सापळा न लावता एक जात विरघळून जाते.

आबांची मेंढरं लांडग्यानं कितीदा नेली असतील. रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून, कुत्री सोडून ते राखण करतात, तरी वर्षाला दोन-चार कोकरं जातात. मी एकदा विचारलं, राग येत नाही का? म्हणाले, "येतो की. पर त्येचंबी प्वाट हाय." आता मात्र त्यांचा नातू लांडग्यावर चिडलेला असतो, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. चराईला पूर्वी तीन बाजूंना रान होतं. एका बाजूला ऊस गेला, दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणात लागवड झाली, तिसऱ्या बाजूला आता सौरऊर्जेचे तक्ते बसणार म्हणून मोजणी झाली आहे. उरलेल्या पट्ट्यात मेंढरंही तीच, चिंकाराही तोच आणि लांडगाही तोच. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन कोकणाकडं उतरणाऱ्या, वाटेत शेतकऱ्यांच्या वावरात मेंढ्या बसवून लेंडीखत देणाऱ्या या लोकांनी मेंढरं विकली तर गावाच्या जमिनीचंही नुकसान आहे. हे नुकसान लागवडीच्या अहवालात कधी येत नाही.

माळढोकाचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. पुढं ते १,२२२ वर आणलं. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर घालणारा, समोरच्या तारा नीट न दिसणारा हा जड पक्षी आज देशभरात दीडशेच्या आत राहिला आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्याकडं नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. त्याआधी १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, तोही उघड्या रानातलाच. विदर्भात अकोला-वाशिमकडं तणमोर हा गवतातला पक्षी तग धरून आहे. त्यासाठी तिथल्या फासेपारधी समाजातल्या माणसांनी गवताची रानं राखली आहेत. एकेकाळी ज्यांना शिकारी म्हणून हाकललं त्यांनी हे केलं. मला वाटतं, याहून मोठं निसर्गशिक्षण मी माझ्या वर्गात कधी दिलं नाही.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की हवामान बदलतंय, कार्बन कुठं साठवायचा? गवतही कार्बन साठवतं. फरक इतकाच की ते तो खोडात न साठवता मुळांत आणि मातीत साठवतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. वरचं गवत मेंढरानं खाल्लं, वणव्यात जळलं तरी खालचा साठा राहतो. चर खणला की तीच माती उलटीपालटी होते. पाण्याचंही तसंच. माळाचं गवत पहिल्या पावसाचा मार स्वतः झेलतं आणि माती ओढ्यात जाऊ देत नाही. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात दाटीनं लावलेली झाडं जमिनीतली ओल ओढून घेतात, वर पहिली दोन-तीन वर्षं त्यांना टँकरनं पाणी घालावं लागतं. मे महिन्यात गावाला प्यायला टँकर येतो त्याच रस्त्यानं झाडांचा टँकर गेलेला मी पाहिला आहे.

मी झाडांच्या विरुद्ध नाही. आमच्या शाळेसमोरचा लिंब मी लावलेला आहे आणि त्याच्या सावलीत दहा वर्षं वर्ग भरला. झाडं लावा, पण आबा म्हणाले तिथं लावा. ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, उंबर लावा. रस्ते रुंद करताना आमच्याकडचे जुने वड गेले, त्या रस्त्यांना वड लावा. गावठाणात, शाळेत, स्मशानभूमीत, बाजारतळावर लावा, जिथं माणसाला सावली लागते. शहरातच लावा, तिथं तर फार गरज आहे. माळावर यायचं असेल तर वेडी बाभळ उपटायला या. ती बाहेरून आणलेली, आता हटता हटत नाही, आणि तिच्याखाली काही उगवत नाही. रोपं लावण्यात तुमच्या दोनशे हातांचा जो एक दिवस जातो, तेवढ्याच दिवसात दोन एकर रान मोकळं होईल. ते काम रोपं लावण्यापेक्षा अवघड आहे आणि त्यात हात ओरबाडतात, पण आम्हाला त्याचीच गरज आहे. पाऊस संपल्यावर पवन्या-मारवेलाचं बी गोळा करायलाही माणसं लागतात. मुलांना ते काम फार आवडतं, मी करून पाहिलं आहे.

वनखात्यातल्या साहेबांना माझं मागणं एवढंच आहे की जागा ठरवताना ती कुठल्या महिन्यात पाहिली हे कागदावर लिहा. एप्रिलमध्ये पाहून जुलैत लागवड करणं म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी न बघता त्याला मेलेला ठरवणं आहे. खात्याला माळाची किंमत माहीत नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये तुम्हीच आमच्या तालुक्यातल्या कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केलीत, लोक पैसे देऊन चिंकारा आणि लांडगा बघायला येतात. मग शेजारच्या माळावर चर आणि रोपांचं अंदाजपत्रक का निघतं? गवताच्या कुरणाला आळीपाळीनं विश्रांती द्या, कुठला पट्टा कधी बंद आणि कधी खुला हे मेंढपाळांबरोबर बसून ठरवा. त्यांना हाकलून नव्हे.

आणि सरपंच, तुम्ही माझेच विद्यार्थी आहात, म्हणून तुम्हाला हक्कानं सांगते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हायला हवी. आपल्या गावाची नोंदवही मी पाहिली. तिच्यात आंबा, चिंच, मोर आणि पोपट आहेत. माळाचं एकही गवत नाही, एकही टिटवी नाही. ज्याची नोंद नाही ते कुठलाही ठराव करून देऊन टाकता येतं. आबांना आणि त्यांच्या बरोबरीच्या माणसांना बोलावून गवतांची नावं लिहून घ्या. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. मी त्यांच्याकडून आतापर्यंत एकोणीस नावं वहीत उतरवली, आणि प्रत्येक वेळी ते म्हणतात, अजून हायत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे, तेव्हा ग्रामसभेत हा विषय घ्यायला निमित्तही आहे.

मंडळी, तुमची बस रद्द करू नका. फक्त तारीख बदला. गौरी-गणपती उरकले की सप्टेंबरअखेर एखाद्या रविवारी या. आदल्या दिवशी मुक्कामाला आलात तर उत्तम, शाळेच्या खोल्या मी उघडून घेते. पहाटे साडेपाचला निघावं लागेल, कारण चंडोल ऊन चढायच्या आत गातो. तेव्हा पवन्या कमरेला लागलेला असतो आणि पूर्वेकडून ऊन आलं की सगळा माळ तांबूस दिसतो. पायात बूट घाला, कुसळं मोज्यांत शिरतात. आबांना मी विचारून ठेवलं आहे, ते मेंढरं घेऊन टेपाडाच्या अलीकडच्या वाटेवर असतील. गवतांची नावं त्यांनाच विचारा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इंदापूर तालुका, जि. पुणे